‘बाई काठावर कोरड्या उभ्या राहतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारांचा रिव्ह्यू वाचला. त्या रविवारी पाणी गार लागलं, डोळे चुरचुरले आणि सुट्टीची सकाळ फुकट गेल्यासारखी वाटली, याबद्दल मनापासून क्षमस्व. आमच्या वॉटर एरोबिक्सच्या वर्गातून माणूस हसत घरी जावा, एवढ्यासाठीच आमची सगळी धडपड असते. त्यामुळे ‘पैसे देऊन कंटाळा विकत घेतला’ हे तुमचं वाक्य लागलं.

पण त्याखाली तुम्ही लिहिलंय, ‘शिकवणाऱ्या बाई स्वतः कोरड्या. काठावर उभ्या राहून हुकूम सोडतात, पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत.’ याला उत्तर दिल्याशिवाय मला राहवत नाही. ते वाचून नव्या बॅचमधल्या दोघींचे फोन आले, ‘ताई, तुम्ही पाण्यात उतरतच नाही, हे खरं का?’ त्यातल्या एकीने पैसे भरायचे थांबवलेत. पूल आमचा नाही, आम्ही तो तासावर घेतो. बॅचमध्ये माणसं कमी झाली तरी भाडं तेवढंच भरावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

छातीपर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या बाईचं तुम्हाला काय दिसतं? डोकं आणि खांदे. या व्यायामातलं खरं काम तर पाण्याखाली चालतं. गुडघा किती वर घ्यायचा, टाच मागे न्यायची की बाजूला, तळवा सपाट ठेवून पाणी ढकलायचं की हाताच्या कडेने कापत न्यायचं. सपाट तळव्याला पाणी किती अडवतं आणि कडेला किती कमी, यावरच त्या दिवशी हात दुखणार की नाही ते ठरतं. मी तुमच्यात उतरून हे करू लागले, तर पहिल्या रांगेलाही माझे पाय धड दिसणार नाहीत. पाणी हलत असतं आणि आतलं सगळं वाकडं दिसतं. मागच्या रांगेला तर पुढच्यांच्या टोप्याच दिसतील. मग एकमेकींचं बघून चुकीचं करत राहायचं आणि दहाव्या मिनिटाला कंटाळायचं. समोरची काय करतेय हे कळतच नसेल, तर मजा यायची कुठून?

दुसरं म्हणजे, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकींना पोहता येत नाही. साठीच्या पुढच्या आहेत, गुडघ्याच्या दुखण्याच्या आहेत, लहानपणी पाण्याची भीती बसली ती अजून न गेलेल्या आहेत. लाइफगार्ड असतो, पण मलाही प्रत्येक डोकं दिसायला हवं. कुणाचा चेहरा उतरला, कुणी हळूच खोल बाजूकडे सरकतेय, कुणाचे ओठ थंडीने निळसर पडताहेत, हे वरून क्षणात कळतं. पाण्यात उभं राहिलं की समोरच्या दोघी-तिघींपलीकडचं दिसत नाही.

मोठ्याने बोलण्याबद्दलही तुमची तक्रार आहे. वर छत, खाली फरशी, त्यामुळे आवाज घुमतो. पाणी उसळत असतं, टोप्या कानांवर ओढलेल्या असतात. म्हणून निम्मं मी हातांच्या खुणांनी सांगते आणि उरलेलं ओरडून. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले. तिथल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न माणिकरावांनी संघव्यायामाची जी शिस्त लावली, तिचं मोल मानणाऱ्या घरातली मी आहे. शिक्षकाने समोर उभं राहून खणखणीत आवाजात सांगायचं आणि सगळ्यांनी एका वेळी करायचं, यात आम्हाला कधी कुणाचा अपमान वाटला नाही.

आणि काठावर उभं राहणं सोपं असतं, असं कृपा करून समजू नका. छातीपर्यंतच्या पाण्यात तुमच्या पायांवर वजनाचा जेमतेम चौथा ते तिसरा हिस्सा येतो, कमरेपर्यंतच्या पाण्यात साधारण निम्मा. म्हणून तर जिना चढताना कण्हणारी बाई पाण्यात उड्या मारते. माझ्या पायांवर मात्र सगळं वजन असतं, तेही ओल्या फरशीवर. शिवाय तुम्हाला पाण्यात जेवढा वेळ लागतो तेवढ्याच सावकाश मला हालचाल दाखवावी लागते आणि जमिनीवर उडी सावकाश मारता येत नाही. म्हणून मी खुर्चीची पाठ धरून एका पायावर तोलते, टाचा उचलते, हाताने उंची दाखवते. पाठोपाठ दोन बॅच घेतल्या की पोटऱ्या भरून येतात, संध्याकाळी जमिनीवर बसून भाजी निवडता येत नाही. कोरडी म्हणालात, पण घामाने माझा टी-शर्ट पिळायला येतो.

आता मुख्य गोष्ट. मी पाण्यात उतरते. रोज उतरते. वर्ग सातला सुरू होतो, पावणेआठला संपतो आणि शेवटची दहा मिनिटं मी तुमच्यातच असते. त्या रविवारी साडेसातच्या सुमारास तुम्हाला फोन आला, तुम्ही टॉवेल गुंडाळून बाहेर गेलात आणि परत आलात तेव्हा सगळ्याजणी कपडे बदलत होत्या. फोन महत्त्वाचा असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जे तुम्ही पाहिलंच नाही, ते घडत नाही असं लिहिलंत, याचं वाईट वाटलं.

त्या दहा मिनिटांत काय होतं तेही सांगते, कारण वर्गाचा जीव तिथेच आहे. आम्ही गोल करतो आणि गरब्याच्या लयीत एकाच दिशेने चालत सुटतो. दोन-तीन फेऱ्यांत पाणीच गोल फिरायला लागतं आणि आपल्याला पुढे ढकलतं. पावलं आपोआप लांब पडतात, हलकी बाई तर नुसती वाहत जाते. मग मी ‘उलटं!’ म्हणते. सगळ्या वळतात आणि तेच पाणी छातीवर येतं. पाऊल पुढे टाकावं तर माणूस जागच्या जागी! तेव्हा जो गलका होतो, त्याच्यासाठी मी पहाटे उठते. मग तीन ताळी, म्हणजे तीन टाळ्यांचा गरबा. टाळी पाण्याखाली द्यायची, तळव्यांमधलं पाणी पिळून बाहेर काढत. आवाज येत नाही, पण खांदे आणि छातीला चांगला ताण बसतो. तुमच्यासोबत आलेल्या मावशी अर्धा तास दांडी घट्ट धरून होत्या, बोटं पांढरी पडलेली. गोलात एका बाजूला माझा हात, दुसऱ्या बाजूला शेजारणीचा, तेव्हा कुठे दांडी सुटली. उलटं वळताना तोंडात पाणी गेलं, ठसका लागला आणि त्या ठसक्यातच हसत होत्या. तुम्ही हे पाहायला हवं होतं, असं मला त्या वेळीही वाटलं होतं.

‘गरबा म्हणून बोलावतात आणि गाणी मरगळलेली लावतात’ असंही तुम्ही लिहिलंय. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं आणि हाताचा वेग दुप्पट केला की पाण्याचा अडथळा चौपट होतो. नवरात्रात मैदानावर जी हींच, म्हणजे गरब्याचा ताल, चालते, तिच्या प्रत्येक ठेक्यावर पाण्यात पाऊल टाकायला गेलात, तर हालचाल अर्धवट राहते, नुसते फवारे उडतात आणि माणूस दमतो. मिनिटाला १२५ ते १५० ठेक्यांची गाणी आम्ही लावतो, पण हालचाल एक ठेका सोडून करतो. काठावरून ऐकताना ते संथ वाटेल. पाण्यात हात पूर्ण लांबवून बघा, पुरेसं होतं.

मनगटावरच्या घड्याळात ठोके चढले नाहीत म्हणून व्यायाम झाला नाही, हेही बरोबर नाही. पाण्याच्या दाबामुळे रक्त हृदयाकडे जास्त येतं, अंगही थंड राहतं. त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके जमिनीपेक्षा कमीच दिसतात. आमची परीक्षा साधी आहे. एक वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

डोळे चुरचुरण्याबद्दल एक विनंती, तुम्हालाच नाही, सगळ्यांनाच. क्लोरीन जास्त झालं म्हणून डोळे झोंबतात असं वाटतं, पण बऱ्याचदा घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीम यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे तयार होतं, ते झोंबतं आणि तो वासही त्याचाच असतो. म्हणून आधी साबणाने अंघोळ करा आणि केसांना तेल लावून येऊ नका, ही पाटी आम्ही लावलीय. तुमच्या केसांना त्या दिवशी तेल होतं. तेव्हा पहिल्याच दिवशी कुठे टोकायचं म्हणून गप्प बसले.

पाण्याचं तुमचं म्हणणं मान्य आहे. या व्यायामाला २८ ते ३० अंशांचं पाणी चांगलं. दिवाळीनंतर पहाटे ते उतरतं, तुम्ही आलात तेव्हा २५ अंशांपर्यंत उतरलं होतं. त्यामुळेच सुरुवातीला मी कुणाला एक मिनिट उभं राहू दिलं नाही आणि तुम्हाला ती घाई वाटली. पाणी गरम करण्याबद्दल पूलवाल्यांशी बोलणं चालू आहे. थंडीपुरती एक बॅच दुपारकडे सरकवता येईल का, तेही बघतोय. स्पीकरचंही काहीतरी करू.

दोन स्टार राहू द्या, त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. फक्त ‘पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत’ ही ओळ काढता आली तर बघा. आणि एखाद्या रविवारी पावणेआठपर्यंत थांबायची तयारी असेल तर मावशींना घेऊन या, त्या दिवसाचे पैसे घेणार नाही. फोन तेवढा लॉकरमध्ये ठेवा.