आकारस्मृती बिघडते ती छिद्रांमुळे नव्हे

"निकेल-टायटॅनियमची आकारस्मृती मिश्रधातू (वाकवल्यावर तापवली की मूळ आकारात परतणारी) पावडर मेटलर्जीने, म्हणजे धातूंची पूड दाबून व तापवून बनवली, की छिद्रांमुळे तिचे प्रावस्था रूपांतर (एका स्फटिकरचनेतून दुसरीत जाणे) विस्कटते, डीएससीच्या (तापवताना व थंड करताना नमुना किती उष्णता घेतो-सोडतो ते मोजणाऱ्या चाचणीच्या) आलेखात एकाऐवजी दोन-तीन शिखरे दिसतात आणि रूपांतराचे तापमान हवे तिथे येत नाही, म्हणून खरी स्मृती वितळवून ओतलेल्या धातूतच," असे विधान सर्रास केले जाते. त्यातली निरीक्षणे बरीचशी बरोबर आहेत. कारण मात्र चुकीचे आहे, आणि त्यामुळे मेहनत भलत्याच ठिकाणी खर्ची पडते, हे मला खटकते.

थंड होताना ऑस्टेनाइट या स्फटिकरचनेचे मार्टेन्साइट या दुसऱ्या रचनेत रूपांतर होते ते स्फटिकातील अणू एकजुटीने किंचित सरकल्यामुळे. रिकाम्या छिद्रात अणूच नसतात, आणि डीएससीतली उष्णता मोजली जाते ती दर ग्रॅममागे. तेव्हा निव्वळ सच्छिद्रतेने रूपांतराचे तापमान फारसे हलत नाही.

ते हलते रासायनिक संघटनामुळे, म्हणजे घटकांच्या प्रमाणामुळे. अणूंच्या हिशेबात निकेल 50 टक्क्यांच्या बरेच वर गेले, की पुढच्या प्रत्येक 0.1 टक्क्यामागे मार्टेन्साइट सुरू होण्याचे तापमान 10 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक उतरते. पावडरीचा पृष्ठभाग मोठा असल्याने ती ऑक्सिजन धरून ठेवते, आणि हा ऑक्सिजन सिंटरिंगमध्ये (पूड तापवून सांधताना) आपल्या एका अणूमागे टायटॅनियमचे चार व निकेलचे दोन अणू बांधून ऑक्साइड बनवतो. 50.5 टक्के निकेल असलेल्या 100 ग्रॅम धातूत असा 0.1 ग्रॅम ऑक्सिजन अडकला, तर उरलेल्या धातूतले निकेल सुमारे 50.85 टक्क्यांवर जाते, म्हणजे रूपांतर निदान 35 अंशांनी खाली सरकते. घटकांचे वजन अचूक करूनही तापमान का चुकते, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

मग छिद्रांवर आळ का येतो? निकेल आणि टायटॅनियमच्या सुट्या पावडरी मिसळल्या, की निकेल टायटॅनियममध्ये ज्या वेगाने शिरते त्या वेगाने टायटॅनियम उलट दिशेने येत नाही. या असमान विसरणाने छिद्रे पडतात, आणि विसरण अपुरे राहिले तर निकेल किंवा टायटॅनियम जास्त असलेली संयुगेही मागे उरतात. दोन्ही एकाच नमुन्यात दिसतात, म्हणून एक दुसऱ्याचे कारण समजले जाते.

अनेक शिखरांचा मुद्दा तर पावडरीपुरता मर्यादितही नाही. निकेल जास्त असलेली ओतीव मिश्रधातू 400 ते 500 अंशांवर ठेवली, तरी तीत निकेलसमृद्ध सूक्ष्म कण तयार होतात, मार्टेन्साइटच्या आधी आर-प्रावस्था ही मधली स्फटिकरचना येते आणि थंड होतानाचे शिखर दुभंगते. भट्टीत सावकाश निवणाऱ्या सिंटर केलेल्या नमुन्यातही हेच घडते. तो सुमारे 1000 अंशांवर ठेवून पाण्यात झटकन थंड करावा आणि पुन्हा मोजावा: शिखर एकच झाले, तर दोष त्या कणांचा होता; पसरटच राहिले, तर घटकांचे प्रमाण सर्वत्र एकसारखे झालेले नाही.

ओतीव धातू शुद्धच असते हेही खरे नाही. ग्रॅफाइटच्या मुशीतून येणारा कार्बन टायटॅनियम कार्बाइड बनवून टायटॅनियम घटवतोच. छिद्रांचा खरा दोष यांत्रिक आहे: त्यांच्या कडांशी ताण एकवटतो, धातू तिथे कायमची घसरते आणि वारंवार वाकवताना लवकर तडकते. अशा वापरासाठी छिद्रे जरूर कमी करावीत.