गरुडाला तरी सोडा

तो गरुडाचा फॉरवर्ड आज पुन्हा आला. आधी आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर, मग नातेवाइकांच्या, आणि दुपारी एका ताईंनी मला खास वेगळा पाठवला. खाली जोडलेले हात आणि 'यशया 40:31', बायबलमधलं ते गरुडाच्या पंखांचं वचन. तुम्हा सगळ्यांना तो पाठ असणार. गरुड म्हणे 70 वर्षं जगतो. 40 व्या वर्षी त्याची चोच वाकते, नख्या बोथट होतात, पिसं जड होतात. मग तो उंच डोंगरावर जातो, खडकावर आपटून आपटून स्वतःची चोच तोडतो, नवी आली की तिने नख्या उपटतो, नव्या नख्यांनी पिसं उपटतो, आणि 150 दिवसांनी ताजातवाना होऊन आणखी 30 वर्षं जगतो. विश्वास असेल तर आमेन टाइप करा.

नाही करणार. यातलं काहीही घडत नाही. रानातला गरुड 20-30 वर्षं जगला तरी पुष्कळ झालं. त्याची चोच म्हणजे आत हाड आणि वर आपल्या नखांत असतं त्याच केरॅटिनचं आवरण. ते जन्मभर वाढत असतं आणि वापरून झिजत असतं. चोच मुळापासून मोडलेल्या गरुडाला मांस फाडता येत नाही, आणि मांस फाडता आलं नाही की तो उपाशी मरतो. संपली गोष्ट. नवं तारुण्य नाही, भरारी नाही, साक्ष नाही.

"जाऊ दे ना, संदेश तर चांगला आहे!" हे आत्ता कुणाच्या तरी बोटांवर आलंच असेल. थांबा जरा. माझं भांडण नेमकं या 'संदेश चांगला आहे'शीच आहे.

आई आजारी होती तेव्हाची गोष्ट. मंडळीतले एक काका भेटायला आले. भला माणूस, प्रार्थना करून गुडघे झिजलेला. पलंगाजवळ खुर्ची ओढून त्यांनी हाच गरुड सांगितला. अगदी रंगवून, चोच खडकावर कशी आपटतो ते हातवारे करून. शेवटी म्हणाले, "ताई, देव तुम्हाला नवं करतोय. सोसायला शिका." आईने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाच महिने चोचच नाही, तर तो खातो काय?"

काकांना वाटलं तिचं लक्ष नव्हतं. ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

आईला तेव्हा धड गिळता येत नव्हतं हो. घोटभर पाण्यालाही त्रास व्हायचा. ती चेष्टा करत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. जो प्राणी खाऊ शकत नाही तो पाच महिने कसा काढतो, हा तिच्या त्या दिवसांतला सगळ्यात जवळचा प्रश्न होता. आणि आपण तिच्यापुढे काय ठेवलं? कुणीतरी कुठेतरी बसून रचलेला गरुड.

बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातलं 12:7 आपल्या सगळ्यांना फार आवडतं. पशूंना विचार, ते तुला शिकवतील. आकाशातल्या पाखरांना विचार, ती तुला सांगतील. निसर्गावरचं कुठलंही प्रवचन असो, सुरुवात इथून. पण पुढच्या अध्यायातलं 13:7 कुणी फळ्यावर लिहीत नाही. तिथे तोच ईयोब, दुःखाने आणि आजाराने पिचलेला, त्याला भेटायला आलेल्या मित्रांना विचारतो, देवाची बाजू घ्यायची म्हणून तुम्ही खोटं बोलणार का? आजाऱ्याच्या उशाशी बसून देवाच्या वतीने पदरचं बोलणारे तेव्हाही होते. आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकला तो त्या मित्रांवर, हे विसरू नका.

पाखरांना विचार असं लिहिलंय. पाखरांबद्दल ग्रुपवर काय आलंय ते वाच असं लिहिलेलं नाही.

बरं, खऱ्या गरुडाला विचारलं तर तो काय सांगतो? स्तोत्र 103 मध्ये गरुडासारखं तारुण्य नवं होतं असं आहे. खरंच होतं की! पण कसं? मोठ्या गरुडाची सगळी पिसं बदलायला एक वर्षही पुरत नाही. एक गळतं, त्या जागी नवं फुटतं, मग पुढचं. दोन्ही पंखांचा तोल राहील इतक्या सावकाश. आणि या सगळ्या काळात तो उडत असतो, शिकार करत असतो, पिलांना भरवत असतो. डोंगरावर एकटं जाऊन बसणं नाही, रक्तबंबाळ होणं नाही. प्रेषित पौल करिंथकरांना पत्रात लिहितो की अंतर्यामीचा माणूस दिवसेंदिवस नवा होतो, ते याहून वेगळं काय आहे? तापट माणूस एका शिबिरातून मवाळ होऊन परत येत नाही. यंदा तोंडातली एक शिवी गळते, पुढच्या वर्षी दार आपटायची सवय गळते, आणि तेवढ्यात त्याला कामावर जायचं असतं, मुलांचा अभ्यास घ्यायचा असतो, म्हाताऱ्यांची औषधं बघायची असतात. नवं होण्यासाठी कुणी सुट्टी देत नाही. हा गरुड आईला कळला असता.

आणि ते यशया 40:31. जमीन थंड असते तोवर गरुड बराच वेळ नुसता बसून असतो. ऊन चढतं, जमीन तापते, गरम हवा वर उठायला लागते, तेव्हा तो त्या हवेत शिरून पंख पसरतो आणि फारशी फडफड न करता गोल गोल वर जातो. उचलणारी हवा त्याची नसते. त्याने फक्त थांबायचं आणि पंख उघडे ठेवायचे. आता ते वचन पुन्हा वाचा, परमेश्वराची आशा धरून राहणारे नवी शक्ती मिळवतील. अंगावर काटा येतो की नाही?

उलट फॉरवर्डमधला गरुड बघा. तो स्वतःच स्वतःला तारतो! स्वतः चोच तोडतो, स्वतः नख्या उपटतो, स्वतःच्या जोरावर नवा होतो. त्यात देवाला कामच नाही. कृपेने तारण झालंय म्हणून दर रविवारी गाणारे आपण, आणि वाटतो काय, तर स्वकष्टाने नवा जन्म मिळवणारा पक्षी. हे कुणाच्याच लक्षात कसं येत नाही?

हो, हो, मोहरीचा दाणा जगातल्या सगळ्या बियांत लहान नाही, ऑर्किडचं बी त्याहून कितीतरी बारीक, अगदी धुळीसारखं असतं, आणि तरी प्रभूने मोहरीलाच सगळ्यांत लहान म्हणत दाखला दिला. मान्य. पण तो ऐकणाऱ्यांच्या शेतातलं, त्यांच्या रोजच्या हातातलं बी दाखवत होता. जे झाड कुणी कधी पाहिलेलंच नाही असं झाड त्याने रचलं नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी नीट बघा, धडा मग काढा. आपण धडा आधी ठरवतो आणि मग त्याला शोभेल असा प्राणी शोधतो. मिळाला नाही तर बनवतो.

मुंगीचंच घ्या. 'अरे आळशा, मुंगीकडे जा', नीतिसूत्रे 6. एके काळी युरोपातले विद्वान म्हणायचे की नीतिसूत्रे लिहिणारा शलमोन राजा चुकला, मुंग्या दाणे साठवत नाहीत. त्यांच्या थंड देशातल्या मुंग्या साठवत नसत, म्हणून जगातल्या कुठल्याच साठवत नसणार! मग जॉन ट्रॅहर्न मॉग्रिज नावाचा एक तरुण इंग्रज, प्रकृती नाजूक म्हणून हिवाळा भूमध्य समुद्राकाठी मेंटनला काढणारा, तिथल्या मुंग्यांच्या बिळांपाशी बसला. त्याने त्यांना बिया वाहून नेताना पाहिलं, बिळं उकरून आतली कोठारं पाहिली आणि 1873 मध्ये ते छापलं. विद्वान गप्प. मला हा माणूस फार आवडतो. आजारपणात त्याला कुणी गरुड सांगितला की नाही कोण जाणे, पण त्याने मुंग्या पाहिल्या.

आणि खरं पाहायला गेलं की गैरसोयीचंही दिसतं, बरं का. ॲरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी एका जातीच्या मुंग्यांवर रंगाचे ठिपके देऊन एकेकीवर लक्ष ठेवलं, तर 2015 च्या त्यांच्या निबंधानुसार कामकरी मुंग्यांपैकी जवळपास 40 टक्के बहुतेक वेळ काहीच करत नव्हत्या. नुसत्या बसलेल्या! पुढे त्यांनी सगळ्यात कष्टाळू मुंग्या बाजूला काढल्या, तर या बसलेल्यांतल्या काही उठून त्यांच्या जागी कामाला लागल्या. आता यावर प्रवचन करा ना. मंडळीत जी बहीण दर कार्यक्रमात राबत नाही तिच्याकडे भुवया उंचावून बघणाऱ्यांसाठी तर जरूर करा. ती कदाचित कुणीतरी कोसळेल त्या दिवसासाठी राखून ठेवलेली असेल. (हे मी कुणाला उद्देशून लिहिलेलं नाही. ज्यांना लागलं त्यांना लागलं.)

पुन्हा आईकडे येते. तिच्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात चिमण्यांचं घरटं होतं. पडल्या पडल्या दिसायचं. नर आणि मादी उजाडल्यापासून नुसती ये-जा करायची, चोचीत अळ्या, किडे, काय काय. आकाशातली पाखरं पेरत नाहीत, कापत नाहीत, हे वचन तिला तोंडपाठ होतं. एकदा ती म्हणाली, "पेरत नाहीत खरं, पण बसतात कुठे? देव खायला देतो, घरट्यात आणून टाकत नाही." नोकरी गेलेल्या माणसाला 'पाखरांकडे बघ, काळजी करू नकोस' एवढंच सांगून घरी जाणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं. पाखरांकडे बघायला सांगताना त्याच्यासाठी दोन फोनही करा.

त्या घरट्यातलं एक पिलू खाली पडलं आणि मेलं. मी पटकन उचलून नेणार होते, तर आई म्हणाली, राहू दे, मी पाहिलंय. मग मला मत्तय 10:29 काढायला लावलं. मी वाचलं. ती म्हणाली, "बघ, पडणार नाही असं म्हटलेलंच नाही. पित्यावाचून पडणार नाही, एवढंच आहे." मग लूकमधलं काढायला लावलं. मत्तयात एका नाण्याला दोन चिमण्या, लूकमध्ये दोन नाण्यांना पाच. म्हणजे पाचवी वर फुकट घातलेली. आणि देवाला त्यातल्या एकीचाही विसर पडत नाही. "ती पाचवी," आई म्हणाली आणि हसली. पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

हे लिहिताना माझा राग जरा उतरलाय. पण पूर्ण नाही.

कारण खरा निसर्ग गोड नाही, आणि पवित्र शास्त्राने तो गोड करून सांगितलेलाही नाही. ईयोब 39 काढा. तिथेही गरुड आहे. तो कड्यावर राहतो, दुरून सावज हेरतो आणि त्याची पिलं रक्त पितात. हे देव स्वतः बोलतोय, आणि लाजत नाही, अभिमानाने बोलतोय! स्तोत्र 104 मध्ये सिंहाचे छावे भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि स्तोत्रकर्ता म्हणतो, ते देवाकडे अन्न मागतायत. डार्विनला 1860 मध्ये जिवंत सुरवंटाच्या आत वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या अळ्यांचा प्रश्न पडला होता, दयाळू देवाने हे मुद्दाम निर्माण केलं असेल हे मला पटवून घेता येत नाही असं त्याने पत्रात लिहिलं. प्रश्न खरा आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही आणि गुळगुळीत उत्तर देणाऱ्याचा मला संशय येतो. सृष्टी कण्हत आहे असं रोमकरांस पत्रात आहेच की. कण्हणं ऐकू यायला आधी गाणं बंद करावं लागतं.

काकांबद्दल एक सांगायचं राहिलं, नाहीतर अन्याय होईल. ते नंतरही येत राहिले. गरुड पुन्हा काढला नाही. आईला बोलणं झेपेना तेव्हा ते नुसते खुर्ची ओढून बसायचे. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस जमिनीवर गप्पच बसले होते, आणि तोपर्यंत त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं.

तर येत्या रविवारी संडे स्कूलचा वर्ग माझ्याकडे आहे आणि विषय आलाय 'मुंगीपासून आपण काय शिकतो?' चित्रं वाटायची, रंगवायची, 'कष्ट करा' असं खाली लिहायचं, असा बेत होता. मी पाळकसाहेबांना कळवलंय की मुलांना आधी बाहेर घेऊन जाणार. अर्धा तास मुंग्या बघायच्या, कोण काय करतंय ते मला सांगायचं, त्यानंतरच नीतिसूत्रे उघडायचं.

पाळकसाहेबांनी विचारलं, "आणि मुलं म्हणाली की मुंग्या नुसत्या बसल्यात, तर?"

म्हटलं, तर तेच चित्र काढतील.