फ्लॅट घेताना नदी

फ्लॅट घेतला तेव्हा ती नदी होती. बिल्डरच्या माहितीपत्रकात निळीशार, वर दोन बगळे. त्या निळ्या रंगापोटी चौरस फुटामागे मोजलेले जादा पैसे मी अजून हप्त्यांनी फेडतोय. ताबा मिळाला, बाल्कनीचं दार उघडलं, वास आत आला आणि त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव 'नाला' पडलं.

तिचं खरं नाव रामनदी. भुकूमच्या बाजूला उगम पावते आणि बावधन, पाषाण करत औंधाजवळ मुळेला मिळते. हे मी सोसायटीच्या सभेत बोलून गेलो, तिथे चुकलं. पुण्यात ज्याला माहिती आहे त्यालाच कामाला जुंपतात. सप्टेंबरचा चौथा रविवार म्हणजे जागतिक नदी दिन, २००५ पासून पाळतात; त्या दिवशी काठ साफ करायचा आणि संयोजक मी, असं पाच मिनिटांत ठरलं. (लिफ्टच्या दुरुस्तीचं तीन वर्षं ठरत नाहीये.)

"त्या रविवारी पितृपक्ष आहे," सी विंगचे काका म्हणाले. "नवीन काही सुरू करू नये."

"अहो काका, पितरांसाठी माणसं नदीवरच जातात ना?"

"नदीवर जातात. हा नाला आहे."

परवानगी काढायला गेलो तर तिथेही हाच वाद. पहिल्या टेबलावरचे साहेब अर्ज वाचून म्हणाले, "नदी? मग आमच्याकडे नाही." दुसऱ्या टेबलावरच्यांनी अर्ज न वाचताच सांगितलं, "तो तर नाला. पहिल्या टेबलाकडे जा." अशा चार फेऱ्या झाल्यावर एका जुन्या शिपायाला माझी दया आली. त्याने मला जिन्यात नेलं आणि हळूच म्हणाला, "दोन अर्ज करा. एकात नदी लिहा, एकात नाला." दोन्ही मंजूर झाले.

फ्लेक्स, नाश्ता आणि प्रमुख पाहुणे यांबद्दल लिहीत नाही. ज्याने कधी कार्यक्रम केलाय त्याला ते ठाऊक आहे, आणि ज्याने केला नाही त्याचं सुख मला मोडायचं नाही. पोहे चाळीस जणांचे होते आणि माणसं अकरा, एवढंच सांगतो.

त्या अकरांत बी विंगच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, वाऱ्या किती केल्या ते त्यांनाही आठवत नाही. काठावर खुर्ची टाकून बसल्या आणि मला विचारलं, "हे पाणी पुढे जातं कुठे रे?"

माहिती सांगण्याची खोड वाईट. "मुळेत जातं आजी. मग संगमावर मुठा, पुढे भीमा, उजनीचं धरण, आणि मग पंढरपूर."

आजींनी जरा विचार केला. "म्हणजे मी पालखीबरोबर अठरा-वीस दिवस पाय झिजवत जाते, आणि तुझ्या मोरीचं पाणी माझ्याआधीच चंद्रभागेत जाऊन बसलेलं?"

पोह्यांच्या बशा हळूहळू खाली ठेवल्या गेल्या.

काठावर गाद्या निघाल्या, चिंध्या निघाल्या, आणि काचा फुटलेल्या तसबिरींतले देव निघाले. देवांना कोणी हात लावेना. शेवटी झाडणकाम करणाऱ्या मावशी पुढे झाल्या. एकेका तसबिरीला नमस्कार करून त्यांनी सगळे देव गोणीत भरले. मग झुडपात अडकलेली एक गाठ मारलेली कुरियरची पिशवी ओढून काढली. आत झेंडू, दुर्वा, केवड्याची पानं, सगळ्याचा काळा लगदा.

"साहेब, यावर पत्ता आहे," मावशी म्हणाल्या. "ए, सहाशे तीन."

गौरींचं विसर्जन झालं त्या संध्याकाळी मुलाच्या हातात ही पिशवी देताना मी म्हणालो होतो, "कचऱ्यात नको रे टाकू, पाप लागतं. नदीत सोड."

"तुमचीच ना?"

दहाही जण माझ्याकडे बघत होते. आजींनी तर चष्मा पुसून घातला.

"नाल्यात काय," मी लेबल सोलत म्हणालो, "कुठूनही काहीही वाहून येतं."