जनुकाला शिवेवरच अडवा

ग्रामपंचायतीत ‘जीएममुक्त गाव’, म्हणजे प्रयोगशाळेत जनुक बदललेली पिकं गावात नकोत, असा ठराव आणायचं तुमच्या मनात आहे, असं कानावर आलं. उत्तम. कोकणात तर तो आधीच व्हायला हवा होता, कारण इथे तो पाळायला काही करावंच लागत नाही. देशात सरकारी परवानगीने शेतकऱ्याच्या शेतात उभं असलेलं जीएम पीक एकच, २००२ पासूनचा बीटी, म्हणजे अळी मारणारं जनुक घातलेला, कापूस. आणि आपल्याकडे कापूस दिसतो तो सावरीच्या बोंडात. म्हणजे बर्फवृष्टीवर बंदी घालण्याइतकंच हे सोपं. पाखाडीचा वाद आपण तीन पिढ्या चालवतो, पण ज्याने कुणाचंच काही जात नाही असा ठराव दहा मिनिटांत होतो.

मग भाषण. त्यात वांगं हवंच. २०१० च्या फेब्रुवारीत तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांगं थांबवलं, ते अजून थांबलेलंच आहे. तेव्हा वांगं चिरताना अळी निघाली तर चिडू नका, शुद्धतेचा दाखला म्हणून जपा. अळी नसेल तर फवारण्या किती झाल्या, हे मात्र भाजीवाल्या मावशींना विचारू नका. त्यांना एसटी गाठायची असते.

सभेनंतर जेवण. इथे जरा सांभाळा. सुरमईची तुकडी तांदळाच्या पिठात घोळून तव्यावर पडेल, तेव्हा तेलाच्या पिशवीकडे पाठ करून बसा. सोयाबीनचं तेल आपण अर्जेंटिना-ब्राझीलहून आणतो आणि तिथलं बहुतेक सोयाबीन जनुक बदललेलंच. पंगतीत कुणी फारच शहाणा निघाला, तर सांगा की रिफाईन केलेल्या तेलात जनुक जवळजवळ उरतच नाही. खरंच आहे ते. पण हाच मुद्दा त्याने आधी काढला, तर त्याला कंपनीचा दलाल म्हणायला चुकू नका.

वर चहा, घरच्या म्हशीच्या दुधाचा. म्हैस गावठी, चरते कातळावर. संध्याकाळी मात्र सरकीची पेंड खाते, आणि देशातला ९० टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. ठरावाची एक प्रत गोठ्यात लावून ठेवा.

कोंबडीचं तर नावच काढू नका. २०२१ साली कोंबडीखाद्य महागलं, तेव्हा केंद्राने १२ लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली. ठरवून दिलेल्या वाटांपैकी एक न्हावाशेवा, म्हणजे आपलाच किनारा. अट काय, तर पेंड जिवंत नसावी. भरडून, तेल काढून घेतल्यावरही जिवंत राहील अशी पेंड मी तरी पाहिलेली नाही, पण सरकार सावध असतं.

हापूस पर्यटकाला ‘निसर्गाने दिला तसा’ म्हणूनच विका. कलमाच्या जोडाकडे त्याची नजर जाऊ देऊ नका, आणि मोहर लवकर यावा म्हणून मुळाशी ओतलेल्या कल्टारकडे तर नाहीच. बाठा रुजवून हापूस मिळत नाही, झाड रायवळ निघतं, हेही मनात ठेवा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसचं लग्न लावलं, ‘रत्ना’ झाली. मग रत्नाचं पुन्हा हापूसशीच लावलं आणि ‘सिंधू’ झाला, बाठा अगदी नावापुरता. नात्याची चौकशी करू नये. हे जीएम नव्हे, ही सोयरीक. फरक काय, असं विचारणाऱ्याला आणखी एक वाटी आमरस वाढा.

एवढं करूनही धाकधूक राहिलीच, तर देवळात जाऊन गाऱ्हाणं घाला.

‘बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो जनुक-बिनुक शिवेर इलो आसात, तो शिवेच्या भायर ठेय रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’

नारळ फुटला की घरी चला. सागोती शिजलीय, वडे तेवढे तळायचे राहिलेत. पिशवी कापायला कात्री कुठे आहे, ते वहिनींना विचारा.