अक्काची सातवी, माझा डिप्लोमा

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अक्का माहेरी आली होती. सांजोऱ्या खाऊन झाल्यावर तिने पिशवीतून सोसायटीचा कागद काढला. "वाच रे भाऊ, सही कुठे करू?" दीर म्हणाला होता, पीककर्जाचं नेहमीचंच काम आहे. मीही वरवर बघितलं आणि म्हणालो, कर इथे.

अक्का सातवी पास. हायस्कूल शेजारच्या गावात, चार किलोमीटर. तिच्या वेळी ते लांब होतं. दोन वर्षांनी माझी वेळ आली तेव्हा वडिलांनी सायकल आणली. आजी म्हणायची, "पोर शिकीसन काय करी?" अक्का कापूस वेचायला गेली. त्या वेचणीचे पैसे जळगावला माझ्या होस्टेलवर खर्च झाले. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. आज सांगतोय.

"आता कुठे राहिलाय भेद? बारावीच्या निकालात मुलीच पुढे," असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. मान्य. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना इंजिनिअरिंग-मेडिकलची फीसुद्धा माफ आहे. पण गावात इंग्लिश मीडियमची पिवळी गाडी सकाळी कोणासाठी थांबते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत कोण जातं, एकदा मोजा. दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की लहान भावाला सांभाळायला घरी कोण राहतं, तेही बघा. २०११ च्या जनगणनेत आपल्या नंदुरबारात शंभरातल्या बहात्तर पुरुषांना लिहिता-वाचता येत होतं, बायांमध्ये फक्त छप्पन जणींना.

आणि कृपया बहिणाबाईंचं उदाहरण देऊ नका. शाळा न शिकता केवढी मोठी झाली म्हणे! मुलाने, सोपानदेवांनी लिहून घेतलं म्हणून उरलं. ज्यांच्या घरात लिहून घेणारं कुणी नव्हतं, त्यांचं काय?

असो. कागदाचं राहिलंच. अक्काने पेन उघडलं तेवढ्यात तिची पोरगी, अकरावी सायन्सची, म्हणाली, "मम्मी थांब. खाली जामीनदार लिहिलंय." खरंच लिहिलं होतं. दिराच्या कर्जाला अक्का जामीन. डिप्लोमावाल्या मामाला दिसलं नव्हतं.

हिच्याच बारावीनंतर "बस झालं शिक्षण, स्थळं बघू" असं भाऊजींचं गेल्या महिन्यापासून चाललंय. त्या दुपारी ते एक शब्द बोलले नाहीत.

कागद तसाच आहे, सहीविना. दीर अजून रुसलेला आहे.