नऊ हजारात महिना (निफाड वगळून)

बजेट ठरवायला आमच्याकडे काहीच वेळ लागला नाही. नवरा नाशकातच अंबडला एका कंपनीत अकाउंट्सला आहे, तो म्हणाला नऊ हजार, मी म्हटलं दहा, सासूबाई 'आमच्या वेळी' एवढं म्हणाल्या आणि पुढचं वाक्य मुद्दाम सोडून दिलं, झालं, नऊवर शिक्कामोर्तब. वेळ गेला तो किराणा म्हणजे काय हे ठरवण्यात. दूध किराण्यात नाही, ठीक. गॅस नाही, ठीक. भाजी रोजची म्हणून भाजीचं वेगळं हेड. मग बटाटा? मिळतो भाजीवाल्याकडे, पण टोपलीत पडून राहतो किराण्यासारखा. अंगाचा साबण किराणा, मग नवऱ्याचं शेव्हिंग क्रीम काय? आणि चिरंजीव नववीत आहेत, ते रात्री साडेदहाला उठून नूडल्स करून खातात ते जेवण धरायचं, नाश्ता धरायचा की शिक्षण? (त्याचं म्हणणं शिक्षण, कारण भूक अभ्यासामुळेच लागते. अभ्यास कधी असतो ते मात्र कळत नाही.)

माझं तर स्पष्ट मत झालंय की बजेट महागाईने मोडत नाही, 'हे किराण्यात धरायचं का' या प्रश्नाने मोडतं, आणि सावरतं पण त्याच प्रश्नाने. अकाउंट्सवाल्या माणसाशी लग्न केल्याचा एवढा फायदा व्हायलाच हवा.

पहिली लढाई तेलाची. रविवारी सकाळी आम्ही रविवार कारंज्यावर गेलो, कारण इंदिरानगरपेक्षा तिकडे होलसेलच्या भावात मिळतं असं आमच्या बिल्डिंगमधे प्रत्येकजण म्हणतो, प्रत्यक्षात जाताना कोणी दिसत नाही. गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तेलाचे भाव बदलतील की काय अशी धास्ती वाटते. तर तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले, रंग तोच, उंची तीच, आणि एक डबा दोनशे रुपयांनी स्वस्त. मी त्याच्यावर हात ठेवणार तेवढ्यात सासूबाई चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "अगं थांब, हा लिटरचा आहे, तो किलोचा."

खरंच की. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेल भरतं ९१० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साधारण १३.६५ किलो आणि शेजारच्या १५ किलोच्या डब्यात पूर्ण १५. सव्वा किलोच्या वर फरक, म्हणजे ते दोनशे रुपये स्वस्त-बिस्त काही नव्हतंच, तेवढं तेलच कमी होतं. मी केमिस्ट्रीत बीएस्सी, घनतेची व्याख्या मला झोपेतून उठवून विचारा. सासूबाई जुन्या अकरावीपर्यंत शिकलेल्या. दुकानदाराने पुढचं सगळं बोलणं त्यांच्याशीच केलं, मी आपली पिशव्या धरून उभी.

पिशवीतल्या तेलाचं तर विचारूच नका, लिटरची वाटावी अशी गुबगुबीत पिशवी उचलायची आणि घरी आल्यावर कोपऱ्यात ८५० मिली वाचायचं. बिस्किटाच्या पाच रुपयाच्या पुड्याचं तसंच, किंमत हलत नाही, बिस्किटंच अंग चोरून बसतात. आता पाकिटावर एका ग्रॅमला किंवा मिलीला किती पडले तेही छापलेलं असतं, ही खरंच चांगली सोय आहे, फक्त ते वाचायला दुकानाबाहेर एक भिंग दोरीला बांधून ठेवायला पाहिजे होतं, बँकेत पेन ठेवतात तसं.

तर फसवणूक टळली, दोनशे रुपये वाचल्यासारखे झाले, आणि रविवारी सकाळी नाशकात दोनशे रुपये वाचवलेला माणूस मिसळ न खाता घरी जाऊ शकत नाही. चार मिसळ, जादा पाव, पापड, दही, चिरंजीवांना जिलेबी. बिल बघून मी म्हटलं हे कशात टाकायचं? नवरा शांतपणे म्हणाला, "वाहन." म्हणजे काय? तर म्हणे ड्रायव्हर उपाशी राहून गाडी चालवणार का. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस ऑफिसात नेमकं काय काम करतो.

तांदळाचं वेगळंच झालं. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर ५ टक्के जीएसटी लागतो, पण २५ किलोपर्यंतच्याच पाकिटावर. सुटं घेतलं तर नाही, २५ च्या वर गेलं तरी नाही. मग काही व्यापाऱ्यांनी २६ किलोचे कट्टे काढले. हे नवऱ्याला कळल्याबरोबर त्याच्या तोंडावर असं काही तेज आलं की लग्नात पण मी बघितलं नव्हतं. सव्वीस किलो घरी आला. आता आमच्याकडे दोघं पोळीवाले, एक नूडल्सवाला आणि सासूबाई रात्री भात खात नाहीत. पावसाळ्यात कट्टा उघडला तर आतमधे सोंडे सहकुटुंब राहायला आलेले. मग गच्चीवर चादर टाकून तांदूळ पसरा, ऊन पडलं की वर न्या, भुरभुर आली की खाली आणा, कबुतरं हाकलायला चिरंजीवांना बसवा (तिथं नेटवर्क येतं त्यामुळे आनंदाने बसले, कबुतरांनी पण आनंदाने खाल्लं). सासूबाईंनी डब्यात कडुलिंबाचा पाला घालताना एवढंच विचारलं, "पाच टक्के म्हणजे किती गं रुपये?" मी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. कबुतरांचा वाटा 'धर्मादाय' मधे गेला.

आणि २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं, फरसाण यांचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला तेव्हा चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलवर जाहीर केलं की आता सरकारच म्हणतंय बिस्किटं खा. टूथपेस्टबद्दल पण सरकार तेच म्हणतंय हे मी लक्षात आणून दिलं.

भाजीसाठी गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार. संध्याकाळी उशिरा जायचं, अंधार पडायला लागला की विकणाऱ्याला घरी जायची घाई आणि आपल्याला नसल्याचं दाखवायचं. एक जुडी वीसला, दोन तीसला, मला एकच हवी म्हटलं तर मावशी म्हणतात "मग ताई, दुसरी दहालाच पडली की," आणि या गणितापुढे माझं काही चालत नाही. मग मेथी, मग टोमॅटोचा अख्खा वाटा, मग घरी सार, सूप, चटणी, परत सार.

सासूबाई सोबत असल्या की नियम वेगळे. त्यांचं तत्त्व असं की विकणारा व्यापारी असेल तर शेवटच्या रुपयापर्यंत सोडायचं नाही, आणि शेतकरी स्वतः आला असेल तर एक पैसा कमी करायला सांगायचा नाही, वर सुटे पण परत मागायचे नाहीत. कोण शेतकरी ते त्या हात बघून ओळखतात. हे तत्त्व बाजारात पसरलं की काय कोण जाणे, हल्ली आख्खा घाट आम्हाला बघितलं की सांगतो, आम्ही दिंडोरीचे, आमच्या वावरातलंच आहे. सासूबाईंचं माहेर निफाड तालुक्यातलं, तिथं त्यांच्या भावाची शेती, कांदा आणि थोडी द्राक्षं. त्यामुळे या विषयात घरात कुणीच तोंड उघडत नाही.

आणि त्यामुळेच आमच्या घरात कांदा विकत घेणं ही बदनामी आहे. "भाऊ कांदा पिकवतो आणि मी पाव किलो विकत आणू?" मग उन्हाळ कांदा निघाला की मार्च-एप्रिलमधे मामांचा फोन येतो, गोणी काढून ठेवलीय, घेऊन जा. फुकट. आता या फुकट गोणीचा हिशेब ऐका. जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटरचं पेट्रोल, हे 'वाहन'. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून दोन किलो चिवडा आणि पेढे, हे 'नातेसंबंध'. मामींच्या नातीच्या हातावर पाचशे, तेही 'नातेसंबंध'. तिकडे गेल्यावर मामी जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि निघताना साडी-ब्लाउजपीसची देवघेव होते ती कुठल्या हेडला टाकायची यावर नवऱ्याने चांदोरीपर्यंत विचार केला आणि मग सोडून दिला.

बरं गोणी घरी आली की संपलं असंही नाही. फुकटचा कांदा एकट्याने खायचा नसतो. मग खालच्या मजल्यावर दोन किलो, समोर दोन किलो, चिरंजीवांच्या क्लासच्या बाईंना दोन किलो, आणि सासूबाईंच्या भजनी मंडळाला तर मोजून द्यायची पण पद्धत नाही. लोक काही वाईट नाहीत, त्यांच्याकडून डब्यातून काहीतरी येतंच, लोणचं, ढोकळा, कुणाच्या बागेतली लिंबं. पण रिकामा डबा परत पाठवायचा नसतो ना! मग त्यात मूठ मूठ साखर घालून पाठवायची. आणि साखर किराणा आहे. नवऱ्याने खूप डोकं चालवलं पण साखर दुसऱ्या कुठल्याच हेडला बसेना, म्हणजे कांद्याच्या आख्ख्या व्यवहारात आमच्या किराण्याच्या बजेटला धक्का बसला तो साखरेमुळे.

कांद्याच्या भावाबद्दल तर आमच्याकडे मत व्यक्त करायची सोयच नाही. बाकी महाराष्ट्रात कांदा महागला की लोक मोकळेपणाने शिव्या देतात, स्वस्त झाला की भजी तळतात. आमच्याकडे महागला तर 'जाऊ दे, भावाला चार पैसे मिळतायत', आणि स्वस्त झाला तर घरात सुतक. ऑगस्ट २०२३ मधे केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, लासलगावसकट नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमधे लिलाव बंद पडले, आणि त्या संध्याकाळी मी बातम्या बघता बघता बोलून गेले की चला, आता उतरेल जरा. सासूबाईंनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. त्या रात्री आमटीला फोडणी मिळाली, कांदा मिळाला नाही. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली तेव्हा मी शहाणी झाले होते, बातम्या लागायच्या आत उठून कपडे वाळत घालायला गेले. टोमॅटोचं पण तसंच, त्याच वर्षी जुलैत शंभरीच्या वर होता तेव्हा आम्ही चिंचेवर भागवलं, गणपती यायच्या आत भाव कोसळला तेव्हा मामांच्या शेजाऱ्याचा टोमॅटो आहे म्हणून आम्ही घ्यायचा. मग परत सार.

मोठ्या चकचकीत दुकानाबद्दल लिहीत नाही, सगळ्यांचं तेच होतं, तूरडाळ आणायला जायचं आणि झाकणाची बादली घेऊन यायचं.

महिनाअखेरीला नवऱ्याने एक्सेल उघडली. किराणा, ८,९४०. हिरव्या रंगात. त्याने लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवला, माझ्याकडे असं बघितलं की मी पण जरा भारावले. मग मी खाली स्क्रोल केलं. वाहन. नातेसंबंध. धर्मादाय. 'धोरणात्मक' नावाचं एक हेड होतं, ते सप्टेंबर २०२४ पासूनचं, तेव्हा कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून एकदम २० टक्के झालं होतं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर तेल चढलं होतं, त्याचं म्हणणं सरकारच्या निर्णयाला आपला किराणा जबाबदार नाही. पुढे मे २०२५ मधे ते १० वर आलं, पण हेड तसंच राहिलंय, आता त्यात शेव्हिंग क्रीम असतं. आणि सगळ्यात खाली राखाडी रंगात 'इतर', ६,३००.

"हे 'इतर' म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"जे कशात बसत नाही ते."

"सहा हजारांचं?"

त्याने जरा वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि कबूल केलं की 'इतर'ला पण आता बजेट घालायला पाहिजे, दोन हजारांच्या आत ठेवू. मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी एक्सेलमधे त्याच्याखाली एक नवीन ओळ आली होती, 'किरकोळ', रंग आकाशी, अजून पूर्ण रिकामी. सासूबाईंना दाखवली तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, यात कुरडयांचे गहू बसतील का?