तीन काट्यांचा संसार

संगणकावर विमान उडवायला खरे तर कळफलक पुरतो. १९८२ साली मायक्रोसॉफ्टने आपला पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आणला, तेव्हा लोक त्यावरच समाधानी होते. मात्र पडद्यावर रंगवलेल्या काट्यांनी ज्याचे मन भरत नाही आणि खरेखुरे काटे नाकासमोर हलताना पाहायचा ज्याला ध्यास लागतो, त्याच्या घरच्यांविषयी सहानुभूती बाळगावी. माझ्या घरच्यांना ती शेजाऱ्यांकडून नियमित मिळते.

घरी खऱ्या काट्यांचा फलक बनवायला मी सेसना १७२ निवडले, कारण ते शिकाऊ वैमानिकांचे विमान असून त्याच्या जुन्या पद्धतीच्या फलकावर तीन-तीनच्या दोन ओळींत सहाच मुख्य तबकड्या असतात. प्रत्येकीच्या भोकाचा प्रमाण व्यास तीन पूर्णांक एक अष्टमांश इंच. ही गोष्ट ऐकून आमचे सुतारमामा बराच वेळ फळीकडे पाहत राहिले. एका फळीला सहा पाइप कुठून आणणार, हा त्यांचा पहिला प्रश्न होता; आणि विमान म्हटल्यावर, "साहेब, तीन इंची पाडून देतो, एक अष्टमांशाने काय ते पडणार आहे?" हा दुसरा.

काटे फिरवणाऱ्या मोटारींसाठी पुण्यात तपकीर गल्लीला पर्याय नाही. मोटारगाड्यांच्या डॅशबोर्डमध्ये वापरतात ती छोटी, मोजक्या पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर मागितल्यावर दुकानदाराने कोणत्या गाडीचे मीटर आहे, असे विचारले. मी विमानाचे म्हणालो. "विमानाचं आम्ही ठेवत नाही," असे सांगून ते शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यांच्या स्वरात आश्चर्य नव्हते. केवळ माल नसल्याची नोंद होती.

ही मोटर मिळाली तरी ती ३१५ अंशांवर अडते. वेगमापकाला तेवढे पुरते, कारण १६३ नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) लाल रेषेपलीकडे जाण्याची वेळ शहाण्या वैमानिकावर येत नाही. खरा छळ उंचीमापकाचा. त्याचा मोठा काटा दर हजार फुटांना एक पूर्ण फेरी मारतो, त्याच्या दहा फेऱ्यांना छोट्याची एक होते आणि छोट्याच्या दहा फेऱ्यांना तिसऱ्याची एक. आईच्या खोलीतले भिंतीवरचे घड्याळ मी उघडले ते या चक्रांच्या आशेने, पण घड्याळ बाराच्या हिशेबाने चालते आणि आकाश दहाच्या, त्यामुळे त्याची चक्रे निरुपयोगी ठरली. शेवटी दहास एक या प्रमाणातली चक्रे थ्री-डी प्रिंटरवर छापून घ्यावी लागली. घड्याळ अद्याप एका डब्यात आहे.

अखंड फिरणाऱ्या स्वस्त स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो. वीज गेली की काटे आहेत तिथेच थिजतात आणि ती आल्यावर विमान लोहगावच्या धावपट्टीवर नव्याने उभे असताना फलक मात्र सात हजार फुटांवर ठाम असतो. म्हणून काट्याला चुंबक आणि तबकडीमागे त्याची चाहूल घेणारा हॉल सेन्सर बसवला. आता वीज येताच काटे आपले शून्य शोधत गरागरा फिरतात आणि ते दृश्य पाहून आमच्याकडे आलेला प्रत्येक पाहुणा एक पाऊल मागे सरकतो.

तीन काट्यांचे उंचीमापक वाचताना मुरलेल्या वैमानिकांनीही दहा हजार फुटांची गल्लत केल्याची उदाहरणे अपघातांच्या इतिहासात आहेत, तेव्हा आईला दोष देण्यात अर्थ नाही. खोलीतले घड्याळ गेल्यापासून ती जाता-येता माझ्याच फलकावर वेळ पाहते. परवा सिंहगडावरून घिरट्या घालत मी पाच हजार फुटांवर स्थिरावलो, तेव्हा दुपारचे जेमतेम तीन वाजले होते. "अहो सूनबाई, पाच वाजले, चहा टाका," असे तिने बाहेर जाऊन सांगितले आणि चहा आलाही. विमान खाली आणल्यास कप परत जाईल या भीतीने मी तो संपेपर्यंत उंची सोडली नाही.